नळीवरची सुपारी

सुपारी फरशीवर पडून टकटकत गडगडली, आणि किल्लेदार गेल्यापासून मुकी झालेली सदर क्षणभर दचकली. बाहेर झुंजुमुंजू होत होतं. सरजगडाच्या तटाखालचं खोरं अजून धुक्यात बुडालेलं होतं.

"पुन्हा, बाईसाहेब," भानू नाईक म्हणाला. धन्याबरोबर बसऱ्याची लढाई पाहून आलेला हा म्हातारा शिपाई, धन्यानं गुपचूप आणलेली पाच काडतुसांची रायफल आता त्यांच्या विधवेला शिकवत होता. "दस्ता खांद्यावरून सुटायचा नाही, गाल दस्त्यावरून उठायचा नाही. बोल्ट वर, मागं, पुढं, खाली. हात तेवढा हलेल. सुपारी पडली की नेम गेला म्हणायचं."

सगुणाबाईंनी सुपारी उचलून पुन्हा नळीवर ठेवली. रिकाम्या बंदुकीवर रोज दोनशे वेळा हे चाललं होतं. तळहाताची साल निघाली होती. दुखतं का, असं कुणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं. दीर खंडेराव संस्थानच्या दिवाणजींना सामील झाले होते, आणि गडाची वारस असलेली पाच वर्षांची लेक उमा एकदा त्यांच्या ताब्यात गेली की गड त्यांचाच होणार होता.

दिवस कासराभर वर आला तोच खंडेराव वीस असामींनिशी दरवाजाखाली उभे राहिले. मुजरा करून म्हणाले, "वहिनीसाहेब, उमेला आमच्या हवाली करावं. दादांच्या उंबऱ्यावर रक्त नको."

"आपण माघारी फिरावं, भाऊजी. पोर मिळायची नाही."

गडावर ठासणीच्याच बंदुका आहेत हे खंडेरावांना पक्कं ठाऊक होतं. आणि तशी बंदूक एकदा उडाली की पुन्हा ठासेपर्यंत माणूस शंभर पावलं धावून जातो, हा त्या मुलखातला बापजाद्यांचा ठोकताळा. म्हणून तटावरून सगुणाबाईंची इशाऱ्याची पहिली गोळी पायाशी दगडावर आपटताच ते हसले, आणि तलवार उपसून सर्वांच्या पुढं धावत सुटले.

गाल दस्त्यावरून उठला नाही. वर, मागं, पुढं, खाली. दुसरी, तिसरी, चौथी. तटावर पलटणच बसली आहे अशा समजुतीनं माणसं ढाला टाकून पळाली. खंडेराव उठले नाहीत.

दावा सांगणारं दुसरं कुणी उरलं नाही, तेव्हा दिवाणजींनी पुढं गड उमेच्या नावे कायम केला. पण त्या दुपारी, घरचं माणूस म्हणून खंडेरावांना सदरेवरच ठेवलं होतं, आणि रीतीप्रमाणे थोरली भावजय म्हणून सगुणाबाईंनी त्यांच्या ओठांवर तुळशीपत्र ठेवलं. उमा जवळ येऊन बसली, चादरीचं टोक चाचपत राहिली.

"आई, काका आपल्याकडेच येत होते ना? मग त्यांना कुणी मारलं?"