जावयांचा डावा गाल

आमचे जावई सिनेमातले नट. नव्या सिनेमात ते एका कारकुनाचं काम करत होते. विज्ञानाच्या कसल्याशा प्रयोगात त्याला हळूहळू बुरशी चढते. आमच्या ऑफिसात हे प्रयोगाशिवाय व्हायचं.

महिनाभर मेकअपवाल्या बाई रोज सकाळी त्यांच्या उजव्या गालावर सिलिकॉनची गळवं चिकटवत. संध्याकाळी नखाने कड शोधायची, तेलाच्या ब्रशने सोडवायची. शेवटच्या आठवड्यात जावयांनी आळस केला. रोज चार तास खुर्चीत कोण बसणार, म्हणून ते तसेच झोपू लागले. लेक आमच्याकडे निघून आली.

"ते सगळं निघालं तरच मी त्याच्याबरोबर घरी जाईन, बाबा. उशीला वास येतो हो!"

शूटिंगच्या शेवटच्या दिवशी चार वाजता ती त्यांना न्यायला स्टुडिओत येणार होती. मी तीनलाच मेकअपच्या खोलीत जाऊन बसलो. दूध नासल्यासारखा वास होता. गळवांवर बारीक, ओले केस दिसत होते.

"केस छान लावलेत," मी म्हणालो.

"मी केस लावतच नाही, काका."

कड सापडेना. बाईंनी एक गळू नखाने उचकटलं. जावई कळवळले. कोमट, पिवळं काहीतरी बाईंच्या मनगटावर ओघळलं.

"ओरडताय काय, जावईबापू? रबर आहे ते," मी म्हणालो. खरं तर स्वतःलाच.

ब्रश हनुवटीवरून डाव्या गालाकडे सरकला. तिथे बाईंनी महिनाभर पावडरसुद्धा लावली नव्हती. कानाखाली त्यांचं नख अडलं.

"काका, कड सापडली."

तो स्वच्छ गाल दाढीच्या खुंटांसकट, तिळासकट, सायीसारखा उचलला गेला. खाली काहीतरी ओलं हललं.

जावई आरशात शांतपणे बघत होते.

"परत लावा," ते म्हणाले. "तिला तोच आवडतो."

बाहेर गाडी थांबली. बाईंनी गोंद फिरवला.

लेक आत आली. उजवा गाल बघून तिने नाक मुरडलं. "अजून आहेच हे? बाबा, निघेल ना?"

बाई माझ्याकडे बघत होत्या.

"निघेल," मी म्हणालो.

तिला हायसं वाटलं. वाकून तिने त्यांच्या डाव्या गालाचा मुका घेतला. एक पातळ पापुद्रा तिच्या ओठाला चिकटून आला. तिने तो जिभेने आत ओढला.

"खारट आहे," ती हसून म्हणाली, आणि पुन्हा वाकली.