जुन्या चाकांचा डबा

फोन आला तेव्हा राहीबाई अंगणात शेंगा निवडत होत्या.

"मावशी, जरा लगेच या. इंजिन गेलं." शेजारच्या फरीदाचा आवाज कापत होता. "आन् समदं माझ्यावरच आलंय."

राहीबाई माने साताऱ्याला पोलीस हवालदार होत्या. निवृत्त होऊन सांगलीजवळच्या माधवनगरात लेकीकडं राहायला आल्या, त्याला तीन वर्षं झाली होती. गुडघे कामातनं गेले, पण संशय घ्यायची खोड काही जाईना. दूधवाल्याचं मापसुद्धा त्या दोनदा बघायच्या. शेंगा तशाच टाकून त्या निघाल्या.

बंद गिरणीच्या आवारातलं पत्र्याचं शेड, तोच फरीदाचा कारखाना. आत कंबरभर उंचीच्या फळीवर मीटरगेजच्या काळातलं अख्खं स्टेशन खेळण्याएवढ्या आकारात मांडलेलं. रूळ काडेपेटीतल्या काडीहून बारीक. त्याखालची एकेक लाकडी पट्टी, एकेक खिळा फरीदानं हातानं बसवलेला. तिचे अब्बा कुतुबुद्दीन रेल्वेत रुळांच्या गँगचे मुकादम. नजर त्यांच्याकडूनच आली होती. ते आज डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मिरजेला होते. हे स्टेशन पाचगणीच्या एका शाळेसाठी चाललं होतं. काम पसंत पडलं की त्याच शाळेच्या कार्यशाळेत फरीदाला शिक्षिकेची जागा मिळायची होती.

दारातच शाळेतर्फे काम बघायला आलेले उदयसिंह सर उभे होते. हातात फोन.

"मुख्याध्यापकांना मी कळवलंय," ते म्हणाले, "ही मुलगी भरवशाची नाही म्हणून. पोलिसांत द्यायचं का, एवढंच ठरायचंय."

"द्या की. तवर मी बसते." राहीबाईंनी स्टूल ओढलं. फळीच्या कडेला इंजिनाची पेटी उघडीच पडली होती. "पेटी कुणी उघडली?"

"मी. बरोबर बारा वाजता. ही पाणी आणायला गेली होती. बघतो तर पेटी रिकामी."

"म्हंजे उघडताना तुमी एकटंच हुता."

सरांचा चेहरा लाल झाला. त्यांनी आपली पिशवी फळीवर उपडी केली. एक भिंग, पोलादी पट्टी आणि स्ट्रॉबेरीचा खोका. राहीबाईंनी खोकाही उघडून बघितला. लाज कशाची?

मग फरीदाला त्यांनी कोपऱ्यात घेतलं. दोघांना एका जागी विचारायचं नाही, हा त्यांचा जुना नेम.

"इंजिन शेवटचं कवा बघितलंस?"

"सकाळी आठला. पुसलं, पेटीत ठिवलं. मग नऊपर्यंत रूळ रंगवलं. तेवढ्यात साताऱ्याचं शिर्के साहेब आलं. इंजिन त्यांनीच शाळेला दिलंय, घरी त्यांचंबी असंच स्टेशन हाय. ते बसलं, मी अब्बांचा डबा करायला घरी गेले. अकराला आले, तवा ते निघालं. त्यानंतर मी हितंच. पेटीला हात न्हाई लावला."

"म्हंजे अकरा ते बारा तू एकटी."

"व्हय." फरीदानं मान खाली घातली. मग हळूच म्हणाली, "मावशी, त्या जागेवर सरांचा भाचा लागायचा हुता. जयराज."

राहीबाईंनी सरांकडं तिरक्या नजरेनं बघितलं. ते फोनवर बोलत होते, पाठमोरे.

"आनखी काय गेलंय?"

"गेलं म्हंजे... एक तंबाखूचा डबा हुता. त्यात इंजिनाची जुनी चाकं. दुकानातल्या इंजिनाला चाकं जाड असत्यात, माझ्या रुळांच्या फटीत ती बसत न्हाईत. म्हणून काढली आन् पातळ करून घातली. जुनी चाकं हितं बिनकामाची. पण डबा दिसंना."

राहीबाई "हं" म्हणाल्या आणि फळीभोवती एक फेरी मारून आल्या. बोगद्याकडचे रूळ कडेला तांबूस, पण माथ्यावर चांदीसारखे लखलखत होते. यार्डातले रूळ मात्र वरखाली सगळेच तपकिरी, गंजल्यासारखे.

"हे असं का गं?"

"तिकडचं काम झालंय. हिकडचं आज सकाळी रंगवलंय, अजून घासायचं हाय."

शिर्के साहेब जेवायला सांगलीतच थांबले होते. सरांनी फोन केल्यावर पंधरा मिनिटांत त्यांची पांढरी गाडी आवारात आली. वीरधवल शिर्के, साठीचे, इस्त्रीचा सदरा. राहीबाईंनी त्यांना गाडीपाशीच गाठलं.

"आवं साहेब, तुमी असताना इंजिन पेटीत हुतं का?"

"होतं तर. दहा वाजता मी काढलं, यार्डात दोन फेऱ्या मारल्या, परत पेटीत ठेवलं. छान पळालं. म्हणजे त्यानंतरच गेलं." त्यांनी गाडीचं दार लावून घेतलं. "पोरीचं वाईट वाटतं हो."

"घरी तुमचंबी स्टेशन हाय म्हणं?"

"साधं आहे. दुकानातले रूळ. तयारच येतात, जोडले की झालं."

"बरं," राहीबाई म्हणाल्या. "या आत. तोंडानं सांगितलेलं मला निम्मंच पटतं. हातानं करून दाखवा."

फरीदानं दुसरं एक लहान इंजिन यार्डात ठेवलं. राहीबाईंनी तिला डोळ्यांनीच गप्प बसायला सांगितलं. शिर्क्यांनी बटण फिरवलं. इंजिन हललं नाही. त्यांनी बटण पार शेवटापर्यंत नेलं. इंजिन ढिम्म. त्यांनी बोटानं ढकललं, ते वीतभर सरकलं आणि तिथंच मेलं. रुळाच्या माथ्यावर, तपकिरी रंगात, दोन बारीक ओरखडे उठले.

"वायर निघाली असेल," शिर्के म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"फरीदा, वायर निघालीय?"

"न्हाई मावशी. रूळ अजून घासलेलंच न्हाईत." फरीदाचा आवाज एकदम स्थिर झाला. "इंजिनाला वीज रुळातनंच मिळती, चाकातनं. कडेला गंजाचा रंग मारताना तो माथ्यावरबी बसतो. वाळल्यावर माथा घासावा लागतो. तवर ह्या यार्डात कुठलंच इंजिन पळत न्हाई."

"आन् दहा वाजता ह्यांचं छान पळालं," राहीबाई म्हणाल्या.

त्या शिर्क्यांकडं वळल्या.

"साहेब, घरी तुमचं रूळ तयार येत्यात, त्यामुळं हे तुमाला ठावं न्हाई. आन् तुमी रुळाकडं बघितलंच कुठं? तुमचं ध्यान पेटीवर. दोन फेऱ्यांची गोष्ट सांगितली, का तर दहापर्यंत इंजिन हितंच हुतं असं दिसावं, आन् बालंट पोरीवर जावं. एक चाक जरी फिरलं असतं, तर वरचा रंग उकलला असता. आताचं सोडलं तर एक ओरखडा न्हाई."

"माझ्यावर संशय घेताय?"

"मी तर समद्यांवर घेतला. सरांवर लय घेतला." घरी असले रूळ आहेत का, असं त्यांनी उदयसिंह सरांना विचारलं; सरांनी नकारार्थी मान हलवली. "पण त्यो डबा काय मला सोडंना. इंजिन चोरणारा बिनकामाची जाड चाकं कशाला नेईल? ज्याला ते इंजिन परत दुकानातल्या जाड रुळांवर पळवायचंय, त्योच नेईल. सरांच्या घरी रूळ न्हाईत. फरीदाचं रूळ पातळ. राहिला कोण? गाडीची चावी द्या."

शिर्क्यांनी चावी दिली नाही. ते स्वतःच गेले आणि जेवणाच्या डब्याच्या पिशवीतनं टॉवेलात गुंडाळलेलं वीतभर काळं इंजिन घेऊन आले. बरोबर तंबाखूचा डबा.

"वडील याच मीटरगेजवर ड्रायव्हर होते," ते म्हणाले. "रिटायर झाले त्या दिवशी स्वतःसाठी हे घेतलं. त्यांच्या वर्षश्राद्धाला मी चारचौघांत शाळेला देऊन टाकलं. टाळ्या झाल्या. मग मागल्या पंधरवड्यात इथं आलो, तर त्याचं पोट उघडलेलं, चाकं काढलेली. मला बघवेना."

"मागायचं की परत."

"शिर्क्यांनी दिलेलं परत मागितलं, असं कोण म्हणवून घेईल?"

"आन् तिला चोर म्हनलेलं चाललं तुमाला."

राहीबाईंनी डबा उघडला. आत कापूस. कापसात सहा चाकं, प्रत्येकाला दोऱ्यानं बांधलेली आकड्याची चिठ्ठी, कुठलं कुठं बसतं ते. झाकणाच्या आतल्या बाजूला फरीदाच्या अक्षरात कागद चिकटवला होता. राहीबाईंनी तो शिर्क्यांपुढं धरला.

"वाचा. मोठ्यानं."

"शिर्के साहेबांच्या वडिलांची चाकं," त्यांनी वाचलं. "टाकू नयेत. साहेबांना परत देणे. इंजिन पुन्हा पहिल्यासारखं..." पुढचं त्यांना वाचता आलं नाही.

"एका दुपारचं काम हाय ते, साहेब," फरीदा म्हणाली. "तुमी शब्द टाकला असता, तर मीच बसवून दिली असती." तिचे डोळे भरले होते, पण तिनं ते पुसले नाहीत. तिनं उदयसिंह सरांकडं बघितलं. "सर, पाचगणीला फोन लावा. माझ्याबद्दल जे सांगितलंत, ते आधी ह्यांनी खोडायचं. मग तुमी."

सरांनी मुकाट्यानं फोन लावला. शिर्के बोलले. नाव सांगितलं, काय केलं ते सांगितलं, काही लपवलं नाही. मग सरांनी फोन घेतला. "चूक माझी झाली, साहेब," ते म्हणाले. "मुलीचं काम चोख आहे. जागा तिलाच द्यावी."

फोन ठेवल्यावर शिर्के टॉवेल हातात घेऊन नुसतेच उभे राहिले. जावं की थांबावं ते त्यांना कळेना.

फरीदानं खणातनं रबराचा एक तुकडा काढला आणि त्यांच्या हातावर ठेवला.

"यार्डात दोन फेऱ्या मारायच्या हुत्या न्हवं? माथा तेवढा घासा. कडंचा रंग जाता कामा न्हाई."

शिर्के फळीवर वाकले आणि घासू लागले. राहीबाईंनी स्टूल पुढं ओढून घेतलं. आता ते इंजिन पळताना बघितल्याबिगर त्या हलणार नव्हत्या.