शोकदाती

त्या दिवशी फोनमध्ये जपून ठेवलेला सुहासचा आवाज ऐकूनही रेवतीला रडू आलं नाही. समोरच्या यंत्रानं हळुवारपणे विचारलं, "आज जरा बरं वाटतंय का, रेवतीताई?" आणि तिनं घाईनं तो आवाज पुन्हा पहिल्यापासून लावला. बरं वाटणं तिला परवडणारं नव्हतं.

इचलकरंजीच्या सांत्वन केंद्रात रेवती शोकदाती होती. तिचे आजोबा ऊस लावत. वडील, अप्पा, मागावर कापड विणत. ती स्वतः बँकेच्या फोनवर गिऱ्हाइकांची समजूत घालायची. शेत, कारखाना, सेवा. एकेक काम यंत्रांनी उचललं. पुढं यंत्रं एकाकी म्हाताऱ्यांना धीरही देऊ लागली, पण तिथं त्यांचं अडलं. नटांच्या लटक्या रडण्यावर शिकलेलं यंत्र लटकाच धीर देई. खरा धीर शिकायला समोर खरं दुःख लागे, आणि ते फक्त माणसाकडं होतं. ते यंत्रापुढं मोकळं करणारी ती शोकदाती.

रेवतीचा नवरा सुहास पंचगंगेच्या पुरात गेला होता. त्या दुःखावर तिचं घर चालत होतं.

केंद्राच्या डॉ. इनामदारबाईंनी तिला आत बोलावलं.

"तुझ्या आवाजातली, रक्तातली शोकाची खूण पार उतरलीय गं. तू सावरलीस. डॉक्टर म्हणून मला आनंदच आहे."

"आणि केंद्राला?"

बाईंनी चष्मा काढला. "केंद्राला तुझा उपयोग राहिला नाही."

"मी प्रयत्न करते हो. जुने फोटो काढून बसते. पण आता तो आठवला की हसूच येतं. एकदा मिसळीत साखर घातली होती त्यानं…" रेवती थांबली. "मग मला धीर देण्याचं काम द्या. ते मला जमतं."

"ते यंत्राला तुझ्याहून चांगलं जमतं. तुला सावरता सावरताच शिकलंय ते." बाई अडखळल्या. "विचारू नये, पण विचारावं लागतं. घरात जवळचं कुणी आजारी आहे का?"

"नाही," रेवती म्हणाली आणि उठली.

ते खोटं होतं. सुताची धूळ खाऊन अप्पांची छाती कधीच निकामी झाली होती. घरी तिचा चेहरा बघूनच त्यांनी ओळखलं.

"सुटलं काम?"

तिनं मान हलवली. अप्पांनी दम खात खात तिला शेजारी बसवलं.

"घोर लावून घेऊ नकोस. माझं काय, फार तर हा हिवाळा. मी गेलो की परत घेतील तुला. तुझा लई जीव हाय माझ्यावर, दोन-तीन वर्षं सहज निघतील."

"अप्पा, गप बसा!"

"का? बापानं लेकीच्या मागं काहीतरी ठेवून जावं. शेत गेलं, माग भंगारात गेला. आता एवढंच हाय माझ्याकडं."

रेवती त्यांच्या गळ्यात पडून रडली. अप्पा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले, समाधानानं.

दुसऱ्या दिवसापासून अप्पा तिच्यावर जास्तच माया करू लागले. धाप लागत असतानाही सकाळी उठून तिच्यासाठी धपाटी थापायचे, लहानपणीच्या नावानं हाक मारायचे. बाप लेकीला जेवू घालतोय, की आपल्या माघारी तिला पुरेल एवढं दुःख साठवून ठेवतोय, हे रेवतीला कळेनासं झालं. तरी ती नको म्हणायची नाही. उलट आणखी एक धपाटं मागून घ्यायची.