बायजाबाईचं पुढचं वाक्य

जेवणं उरकून क्रांती आणि आकाश नाट्यगृहात पोचले तेव्हा बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. काम साधंच होतं. संध्याकाळी त्यांच्या ग्रुपची रंगीत तालीम, त्याआधी आकाशला लाइट लावून बघायचे होते, आणि त्यासाठी कुणीतरी स्टेजवर उभं राहायला हवं. बाकीची मंडळी कामावरून सुटून येणार होती. क्रांतीने मात्र ऑफिसातून हाफ डे टाकला होता. आकाशने, तिच्या नवऱ्याने, लिहिलेलं हे पहिलं नाटक, आणि मुख्य भूमिका तिची.

कोपरखैरण्याच्या खाडीकडच्या टोकाला हे नाट्यगृह. खाली मोठं, वर छोटं. छोट्यात क्रांती पहिल्यांदाच येत होती.

नाटक याच जागेवरचं होतं. शहर वसायच्या आधी इथे मिठागर होतं. गाववाले बांधावर फळ्या टाकायचे, मागे होडीचं शीड बांधायचे आणि नाटक करायचे. त्या फळ्यांवर उभी राहिलेली पहिली बाई म्हणजे बायजाबाई. मिठागरात राबणारी. भरतीत अडकलेल्या नवऱ्याला शोधायला निघालेल्या बाईचं काम ती करत होती. “भरती आली. मी चालली,” असं म्हणून ती शिडामागे गेली आणि परत आलीच नाही. कंदील घेऊन लोकांनी सगळं मिठागर पालथं घातलं. चिखलात तिचं पाऊलसुद्धा उमटलेलं नव्हतं.

ही गोष्ट आकाशला बाजारात मासे विकणाऱ्या धोंडूबाईने सांगितली होती. “मावशी, पुढे ती काय बोलणार होती?” त्याने विचारलं, तेव्हा म्हातारीने हातातला कोयता खाली ठेवला होता.

“ता इचारू नको, बाबा. तिचा वाक्य झाला का गप ऱ्हावाचा.”

म्हणून आकाशने नाटक तिथेच संपवलं. शेवटचं वाक्य बोलून क्रांतीने नुसतं उभं राहायचं आणि अंधार होऊ द्यायचा.

आकाश मागच्या लाइट केबिनमध्ये चढला. क्रांती स्टेजवर गेली. हॉलचे दिवे गेले आणि बाहेरची भर दुपार पुसून टाकल्यासारखी नाहीशी झाली. बंद एसीचा कुबट वास होता. त्याखाली आणखी एक वास होता, ओल्या गाळाचा.

डोक्यावर एकच पिवळा दिवा लागला.

“शेवटचा सीन घे,” आकाश वरून ओरडला. “मी हळूहळू लाइट कमी करतो. टेन्शन नको घेऊ.”

ती बोलत गेली. समोरचा अंधार ऐकत होता. “भरती आली,” ती म्हणाली. “मी चालली.”

आणि गप्प राहिली. दिवा मंद होऊ लागला.

डावीकडच्या विंगेतून कुणीतरी हळूच म्हणालं, “बोल… पानी गुडघ्याला लागला…”

नाटकवाल्यांच्या कानाला सवय असते. वाक्य अडलं आणि विंगेतून शब्द आला, की तो आपोआप तोंडातून जातो. क्रांतीच्याही तोंडातून गेला. “पानी गुडघ्याला लागला.” तिच्या पोटऱ्या गार पडल्या.

आपल्या नाटकाला प्रॉम्प्टरच नाही, हे तिला तेव्हा आठवलं.

“बोल… बांध दिसं नाय…”

तिला थांबायचं होतं. ओठ हलले. “बांध दिसं नाय.” दिघ्यासारख्या शहरी वस्तीत वाढलेल्या क्रांतीला तालमींत ही मिठागरवाल्यांची बोली कधी धड जमली नव्हती. आता ती जन्मल्यापासून बोलत असल्यासारखी बाहेर पडत होती. आणि ती चालत होती. डावीकडे. पाय उचलताना जड लागत होते, गाळातून काढावेत तसे.

“बोल… कोन हात देतो मना?…”

“नको,” ती मनात ओरडली. तोंडाने म्हणाली, “कोन हात देतो मना?”

आणि तिचा उजवा हात पुढे झाला. काळोखातून एका हाताने तो धरला. ओला, खरखरीत, मिठाने सोललेला हात. तो तिला ओढत नव्हता. नुसता धरून होता… पुढच्या वाक्याची वाट बघत.

“क्रांती!”

आकाशने तिला मागून खांद्याला धरून खेचलं. ती त्याच्या अंगावर कोसळली. दोघं धावत सुटले आणि थेट बाहेरच्या पायऱ्यांवर, उन्हात येऊन बसले. तिचा हात त्याने सोडला नाही.

धाप ओसरल्यावर तिने विचारलं, “डाव्या विंगेत कोण होतं?”

आकाशने तिच्याकडे बघितलं. “डाव्या बाजूला विंग नाहीये गं. भिंत आहे. तू भिंतीला कपाळ टेकवून बोलत होतीस.”

“मग तू मला बघून धावलास?”

त्याने नाट्यगृहाच्या दाराकडे नजर टाकली. रस्त्यावरून शाळेची बस गेली.

“नाही. त्या खुर्च्या आहेत ना,” तो म्हणाला, “माणूस उठला की आपोआप मिटतात त्या. तू शेवटच्या वाक्यापुढे बोलायला लागलीस तेव्हा पुढची सगळी रांग उघडली… एकेक करून. कुणीतरी येऊन बसावं तशी. माझं लक्ष तिथेच होतं. तुला खेचलं तेव्हा मागे खटाखट आवाज झाले, ऐकलेस?”

तिने मान हलवली. ऐकले होते.

“सगळे उठले, क्रांती. एक सोडून. दाराशी पोचल्यावर मी वळून बघितलं. मधली एक खुर्ची अजून उघडीच होती.”

संध्याकाळची तालीम झाली नाही. ते नाटकही पुढे कुणी उभं केलं नाही. क्रांती आता ऑफिसात कमी बोलते. घरी कामात असली की रेडिओ चालू ठेवते. आकाशला वाटतं, ती घाबरलीय, हळूहळू विसरेल.

त्याला तिने एक गोष्ट सांगितलेली नाही. घरात शांतता झाली, की पुढचं वाक्य तिच्या जिभेवर येऊन थांबतं. पूर्ण, शब्दन् शब्द. ते तिला कुणी सांगितलेलं नाही.

ती ओठ घट्ट मिटून घेते. आणि तिचा उजवा हात सावकाश पुढे होतो.