उत्तरेचा सातवा खांब

यातलं काहीही मी माझ्या पदरचं घातलेलं नाही. उलट जे सांगवत नाही, ते थोडं गाळलंय.

तारीख लिहून ठेवली आहे. बुधवार, १० जुलै २०२४. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. जागा बहरीन, मनामामधला नईम भाग, गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानावरचं आमचं ऑफिस.

हो, भर दुपार होती. खिडकीबाहेर डोळे दिपवणारं ऊन होतं.

माझं नाव ज्योत्स्ना. माहेर पुलगाव, वर्धा जिल्हा. आम्ही बौद्ध. भुताखेताचा विषय निघाला की माझे बाबा ताटावरून उठून जायचे. मीही तशीच वाढले.

मी ड्राफ्ट्समन आहे. नवरा, विश्वजीत, मुहर्रकला एअरपोर्टवर मेंटेनन्समध्ये. आमच्या ऑफिसात बाहेरच्या देशांतल्या जुन्या इमारतींची ड्रॉइंग्ज बनतात. त्या वर्षी माझ्याकडे युरोपातल्या एका शहरातलं चर्च होतं. शहराचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून दुःखात आहेत.

चर्च सातशे वर्षांचं. टोकदार कमानी, झाडासारखे उंच खांब, वर दगडी छत. बांधायला तीन पिढ्या लागल्या. पुढे मनोरा जळाला. महायुद्धात छतावर बॉम्ब पडला. नंतर घाईघाईत सिमेंट भरून डागडुजी केली आणि त्या सिमेंटनेच दगड आतून खायला सुरुवात केली. आता ते सगळं सिमेंट काढून दुरुस्ती चालू होती.

आम्ही बहरीनमध्ये बसून त्या चर्चचा एकेक दगड ड्रॉइंगमध्ये काढत होतो. प्रत्येक दगडाला नंबर. बावीस हजार दगड.

शिवाय आणखी एक काम. खांबांना छोटे मायक्रोफोन चिकटवले होते. दगडाला आत चीर गेली की आवाज येतो, तो पकडायला. फाइली आमच्याकडे यायच्या. मी हेडफोन लावून ऐकायचे आणि नोंद करायचे... कबुतर. ट्रक. चीर.

त्या दुपारी मी रविवारची फाइल लावली. रविवारी तिथे काम बंद असतं. चर्चला कुलूप असतं.

पहिली वीस मिनिटं काहीच नाही.

मग...

टण्... टण्... बद्द.

मी हेडफोन काढला. वाटलं, आवाज रस्त्यावरून येतोय. पण जुलै-ऑगस्टमध्ये इथे बारा ते चार बाहेरचं काम बंद ठेवावं लागतं. समोरची बांधकामाची साईट सुनसान होती. मुहर्रम लागलेला, गल्लीत काळे झेंडे. एकही झेंडा हलत नव्हता.

पुन्हा हेडफोन लावला.

टण्... टण्... बद्द.

शेजारच्या टेबलावर हारूनभाई. आमचे चेकर, म्हणजे ड्रॉइंग्ज तपासणारे. दापोलीकडचे, अठ्ठावीस वर्षं बहरीनमध्ये. मी त्यांच्या हातात हेडफोन दिला.

त्यांनी डोळे मिटून ऐकलं. बराच वेळ.

"बाय, ही चीर नाय," ते म्हणाले. "ही हातोडी आहे."

"कशावरून?"

"माझा बाप चिऱ्याच्या खाणीत होता. मी या आवाजावर वाढलोय. हा दगड घडवत नाय, तपासतोय. भरीव दगड खणखणतो. तिसरा ठोका ऐक... बद्द. तो दगड आतून पोकळ आहे."

"पण रविवारी तिथे कोणी नसतं."

हारूनभाईंनी हेडफोन काढून माझ्या टेबलावर ठेवला.

मी साईटला मेल केला. तिथल्या इंजिनिअर बाईंचं तासाभरात उत्तर आलं. रविवारी कोणीही आत नव्हतं. अलार्म चालू होता. तो वाजला नाही.

मायक्रोफोनच्या नंबरावरून मी खांब शोधला. उत्तर बाजूचा सातवा.

मग चर्चच्या इतिहासाची फाइल उघडली. ती आमच्याकडे होती, पण वाचतं कोण? त्यात चार ओळी होत्या. बांधकाम चालू असताना हाच खांब एकदा ढासळला होता. चार पाथरवट त्याखाली गाडले गेले. नावं कुठेच नाहीत. खांब त्याच जागी, त्याच दगडांनी पुन्हा उभा केला.

त्याच दगडांनी.

त्या दिवशी मी पाच वाजता घरी गेले. विश्वजीतला सांगितलं. तो म्हणाला, "रेकॉर्डिंगमधला फॉल्ट असेल." मलाही तेच हवं होतं.

शुक्रवार-शनिवार सुट्टी गेली. रविवारी, १४ तारखेला, ऑफिसात आले तेव्हा चर्चचा नवीन लेझर स्कॅन आलेला होता.

हे जरा समजावून सांगते. यंत्र मधोमध ठेवतात. ते चारी बाजूंना लेझर मारतं आणि जिथे किरण लागेल तिथे ठिपका उमटतो. लाखो ठिपक्यांचं चित्र तयार होतं. मध्ये एखादी वस्तू आली, तर तिच्या मागच्या भिंतीवर किरण पोचत नाही. तिथे काळी जागा राहते. म्हणजे आधी वस्तू, तिच्यामागे काळी जागा. वस्तूशिवाय काळी जागा पडू शकत नाही.

मी सातव्या खांबाजवळ गेले. म्हणजे स्क्रीनवर.

मागच्या भिंतीवर, खांबाच्या स्वतःच्या काळ्या पट्ट्याशेजारी, आणखी एक काळी जागा होती.

डोकं... खांदे... एक हात वर उचललेला.

त्या जागेसमोर काहीच नव्हतं. एक ठिपकासुद्धा नाही.

मी चित्र सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं. वरून पाहिलं. लेझर कशाला तरी अडला होता, आणि ज्याला अडला होता ते तिथे नव्हतं.

"हारूनभाई..."

ते उठून आले. पाहिलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिलं. मग हलक्या आवाजात काहीतरी पुटपुटले. मला त्यातलं फक्त 'अल्लाह' कळलं.

"हात कुठे टेकलाय बघ," ते म्हणाले.

मी त्या हाताच्या रेषेत खांबावर आले. चौदावा थर, तिसरा दगड.

आम्ही मॅनेजरकडे गेलो. सावलीचं बोललोच नाही. फक्त म्हणालो, एक दगड पोकळ वाटतोय, साईटला कळवू या. मॅनेजर म्हणाला, "अपना काम ड्रॉइंग का है. गलत निकला तो कॉन्ट्रॅक्ट जाएगा. खलास."

बाहेर आल्यावर हारूनभाई कॉरिडॉरमध्ये उभे राहिले.

"बाय, तिकडे माणसं काम करतात. आपल्याला कळलंय आणि आपण गप बसलो, तर मला झोप नाय येणार."

"नोकरी गेली तर?"

"माझी जाऊ दे. तुझी नको. मी पाठवतो."

पण त्यांना साईटचा ईमेल पत्ता माहीत नव्हता. रोजचा मेल माझ्याकडून जायचा. सोमवारी दुपारी मी लिहिला. त्यांनी वाचला. तीन ओळींचा होता. खांब उत्तर सात, थर चौदा, दगड तीन. पोकळ असण्याची शक्यता. कृपया तपासावा.

पाठवण्याचं बटण मी दाबलं. हे सगळ्यांना सांगते. मी दाबलं.

उत्तर लगेच आलं. धन्यवाद, आमचे मुख्य पाथरवट योझेफ उद्या पाहतील.

मला हलकं वाटलं. येताना सुकमधून, इथल्या बाजारातून, आंबे घेतले.

मंगळवार-बुधवार मुहर्रमच्या आशुराची सुट्टी. गुरुवारी सकाळी आठला ऑफिसात आले. मेल उघडण्याआधी फाइली उघडल्या. रोजची सवय. मंगळवारची फाइल, सातवा खांब.

जड पावलं ऐकू आली. शिडी टेकवल्याचा आवाज. एका वयस्कर माणसाचा श्वास. जिवंत माणूस, खरा आवाज. मी खुर्चीत सैल बसले.

टण्.

तो थांबला. थोडा सरकला.

टण्... बद्द.

सापडला त्याला, मी मनात म्हटलं.

मग शांतता. आणि त्या शांततेत...

टण्... टण्... बद्द.

हे ठोके त्याचे नव्हते. त्याने श्वास रोखला होता, तोही ऐकत होता. हे ठोके आतून येत होते. दगडाच्या आतून.

तो माणूस एकच शब्द बोलला. हळू, दारामागच्या कोणाला विचारावं तसा. मला ती भाषा येत नाही.

उत्तर आलं. तीन ठोके.

आणि मग खांब फुटला.

तो आवाज मी लिहिणार नाही.

मायक्रोफोन त्याच खांबावर होता. खांबाबरोबर तो तुटायला हवा होता. फाइल तिथेच संपायला हवी होती. ती पुढे चाळीस मिनिटं चालली. त्यात काहीही नव्हतं. धावपळ नाही, ओरडणं नाही, सायरन नाही. रिकाम्या रेकॉर्डिंगमध्येसुद्धा बारीक घरघर असते. तीही नव्हती.

मी चाळीस मिनिटं बसून राहिले. हेडफोन काढता येत होता, तरी काढला नाही.

मेल नंतर उघडला. योझेफ, वय त्रेसष्ट, जागीच गेले. ते एकटेच आत होते. बाकीचे सहा जण जेवायला बाहेर पडलेले. इंजिनिअर बाईंनी लिहिलं होतं की खांब पुढच्या आठवड्यात, तिथलं काम सुरू झाल्यावर, कोसळला असता तर सहाही जण त्याच्याखाली असते. तुमच्या मेलचे आभार.

आभार.

मी त्यांना ती फाइल पाठवली आणि विचारलं, शेवटी ते काय म्हणाले? दोन दिवसांनी एका ओळीत उत्तर आलं. "ते म्हणाले, कोण आहे?"

ठोक्यांबद्दल त्यांनी काही लिहिलं नव्हतं. मीही पुन्हा विचारलं नाही.

हारूनभाईंनी त्याच महिन्यात राजीनामा दिला. व्हिसा कॅन्सल करून दापोलीला गेले. जायच्या आदल्या दिवशी सनद भागातल्या आमच्या घरी जेवायला आले होते, पण पानातलं चिवडत बसले.

"मी ते सावध करणं समजलो," ते म्हणाले. "दगड पोकळ आहे, माणसं वाचवा, असं."

"तसंच होतं, हारूनभाई. सहा जण वाचले."

"आणि तो बोलावत असेल तर?"

विश्वजीतने विषय बदलला.

मी नोकरी सोडली नाही. मुलाची शाळा आहे, घराचं भाडं आहे. ते चर्च माझ्याकडून काढून घेतलं. आता खांब पुन्हा उभा करताहेत असं ऐकते. जुने दगड शक्य तितके वापरताहेत. दुरुस्तीचा नियमच तसा आहे. मी मॅनेजरला म्हटलं, त्यांना सांगा, ते दगड नको. तो माझ्याकडे बघत राहिला.

मागच्या महिन्यात मला एक मेल आला. योझेफच्या मुलीचा. वडिलांच्या त्या दिवशीच्या कपड्यांमध्ये तिला माझ्या मेलची प्रिंट मिळाली होती. त्यांनी ती घडी करून खिशात ठेवली होती.

तिने रागाने लिहिलेलं नाही. सरळ विचारलंय.

"माझे वडील चाळीस वर्षं त्या चर्चमध्ये काम करत होते. रोज त्या खांबाजवळून जायचे. त्यांना जे कळलं नाही, ते इतक्या लांब बसून तुम्हाला कोणी सांगितलं?"

मी चार वेळा उत्तर लिहायला घेतलं.

अजून पाठवलेलं नाही.