नेटची पैज आणि तळमजला

पैज लागली ती जिन्यात, आणि लावली ती मीच. डोकं तापलं की माझी जीभ मला न विचारता चालते.

लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद होती. मी तिसऱ्या मजल्यावरून दाणदाण पाय आपटत उतरले आणि दुसऱ्यावर, मास्तरांच्या दारात उभी राहून, नेट कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मास्तर रिटायर, त्यांना वेळच वेळ. पाचव्या मजल्यावरची शिवणवाली मावशी पिशव्या घेऊन चढत होती, तीही दम खायला थांबली.

"पुन्हा अडकलं?" तिने विचारलं.

"पुन्हा! ऐन कामात!"

माझं काम दुभाष्याचं. खुणांच्या भाषेची दुभाषी मी. ऐकू न येणारा पेशंट हॉस्पिटलात आला की डॉक्टर मला व्हिडिओवर बोलावतात. डॉक्टर तोंडाने सांगतात, मी हातांनी. त्या सकाळी एका आजोबांना सांगत होते, ही गोळी उपाशीपोटी घ्यायची नाही. 'उपाशीपोटी घ्यायची' इथवर हात पोचले, आणि 'नाही'ची खूण यायच्या आत माझं चित्र गोठलं. पुतळा! नर्सने कागदावर लिहून दाखवलं म्हणून निभावलं. पण हॉस्पिटलातल्या बाई म्हणाल्या, "ही दुसरी वेळ. महिन्याभरात तिसरी झाली, तर यादीतून नाव काढेन." आणि त्याच दुपारी कंपनीचं नवं बिल आलं. दुप्पट!

"स्वस्तातली लाईन घेते आता," मी ओरडले. "निम्म्या पैशात. आणि एकदाही अडकणार नाही, बघाच तुम्ही!"

"स्वस्तातली दोरी लिफ्टला कोणी बांधत नाही," शेजारून आवाज आला.

लिफ्टचं दार अर्धवट उघडं होतं. त्यातून एक डोकं बाहेर आलं. नाकावर ग्रीसचा काळा ठिपका, कपाळावर बॅटरी... आणि डोळे असे शांत, की बघूनच मला आणखी चीड आली. हा आमच्या लिफ्टचा मेकॅनिक. तळमजल्यावरच भाड्याने राहायचा, पण माझं त्याच्याशी कधी बोलणं झालं नव्हतं.

"तुम्हाला कोणी विचारलं, तळमजला?"

"कोणी नाही, तीन नंबर." हा माणसांना मजल्यांनी ओळखतो, हे मला तेव्हा कळलं. "दाम करी काम, एवढंच म्हणतोय."

"लावा पैज!"

"लावली."

मावशीने पिशव्या खाली ठेवल्या. असल्या कामात तिचा हात कोणी धरू शकत नाही. "हरेल त्याने गेटपाशी स्टुलावर चढायचं, रविवारी दहाला. आणि कोंबड्यासारखी बांग द्यायची. मजल्यागणिक एक. पाच बांगा!"

"मान्य," तो म्हणाला. "पण मोजणार मी. यांच्यावर विश्वास नाही."

तेवढं त्याचं बरोबर होतं. मागे मी लिफ्टमध्ये कागद चिकटवला होता, 'ही लिफ्ट आता आवाजावर चालते, मजला मोठ्याने सांगा.' मास्तर दोन दिवस "दोन! दोन!" म्हणून ओरडत होते.

मग मी शोधाला लागले, तेही रागारागात. पहिला फोन जुन्या कंपनीला. लाईन बंद करा म्हटल्याबरोबर पलीकडची मुलगी मधाळ झाली. "मॅडम, तुमच्यासाठी खास, थोडं कमी करून देऊ?"

"म्हणजे कमी होत होतं? मग दोन वर्षं काय झोपला होतात?"

"तीनशेपर्यंत स्पीड आहे मॅडम..."

"पर्यंत! मीही महिन्याला लाखापर्यंत कमावते. शून्यापासून लाखापर्यंत! ठेवा फोन."

दार उघडंच होतं. बाहेर तळमजला वही घेऊन उभा. हसू दाबताना त्याच्या गालाला खळी पडली. मी ती पाहिली नाही. म्हणजे... पाहिली, पण लक्ष दिलं नाही.

"तीनशे लागतात कशाला तुम्हाला?" त्याने विचारलं.

"तुम्हाला काय कळतं त्यातलं?"

"लिफ्टमधलं कळतं. सहा माणसांच्या इमारतीला वीस माणसांची लिफ्ट लावून उपयोग नाही. ती धक्का न देता थांबली पाहिजे, बस्स."

बरोबर होतं. म्हणूनच संताप आला.

मावशीकडे दोन वर्षांपासून एका छोट्या कंपनीची लाईन होती. पन्नास स्पीडची, बिल निम्मं, महिन्याच्या महिन्याला पैसे, वर्षाचं बंधन नाही. शिलाईच्या ऑर्डरी ती दिवसभर व्हिडिओवर घ्यायची, कधी कुरकुर नाही. जाहिराती वाचून माझे डोळे फुटायची वेळ आली होती, आणि उत्तर दोन मजले वर मशीन चालवत बसलं होतं! मी तीच लाईन घेतली. वायर गच्चीवरून, खिडकीतून आली.

"जुनी लगेच तोडू नका," तळमजला म्हणाला. "नवा दोर तपासल्याशिवाय जुना काढत नाहीत. महिनाभर दोन्ही ठेवा."

"म्हणजे तुम्ही माझ्या बाजूचे?"

"मी लिफ्टच्या बाजूचा."

आणि सुरू झाली मोजणी. सकाळी आठ, दुपारी दोन, संध्याकाळी साडेसहा. येणार, चपला दाराबाहेर सरळ रेषेत काढणार, स्टुलावर बसणार. दोन्ही लायनी तपासणार. कधी कुठली अडकली ते मला विचारून वहीत लिहिणार. हाताला साबणाचा वास, त्याखाली पुसट ग्रीसचा. पहिल्याच दिवशी त्याने राउटरचा पत्ता विचारला. आईने तो लोखंडी कपाटात ठेवला होता, धूळ बसते म्हणून.

"कपाटात ठेवलेला माणूस तरी ऐकेल का हाक?" तो म्हणाला.

"माझ्या आईला बोलायचं नाही!"

"आईंना नाही, कपाटाला बोलतोय." आणि आई चक्क लाजली. बासष्टाव्या वर्षी!

मी भांडायची, तो लिहायचा. एकदा पावसाची सर आली, तो भिजून आला. मी टॉवेल फेकला... अंगावरच.

"नेम चांगला आहे," टॉवेलातून आवाज आला.

"तोंडावर मारला होता."

"तेच म्हणतोय."

आठला पाच कमी असले की माझे कान जिन्याकडे लागायला लागले. याचाही मला रागच आला.

अठ्ठाविसाव्या दिवशी लिफ्टमध्ये कोणी अडकल्याचा फोन आला, तो पळाला आणि वही स्टुलावर राहिली. मी ती उघडली. दुसऱ्याची वही वाचू नये, पण मी कोणती साध्वी? नवी लाईन, सगळीकडे शून्य. जुनी लाईन, पहिले अकरा दिवस रोज अडकलेली. समोर बारीक अक्षरात: 'लिफ्ट तिसऱ्यावर थांबली.' पुन्हा: 'लिफ्ट तिसऱ्यावर.' आणि बाराव्या दिवशी: 'वायर सोडवली. गाठ माझीच.' त्यानंतर जुन्या लाईनलाही शून्य.

तो परत आला तेव्हा मी वही त्याच्या नाकासमोर धरली. "हे काय?"

तो खाली बघत उभा राहिला. "दोन वर्षांपूर्वी कंपनीचा माणूस वायर वर कशी न्यायची विचारत होता. मीच म्हटलं, लिफ्ट वर-खाली जाते त्या बोळातून ने. मीच बांधून दिली, मदत म्हणून. लिफ्ट तुमच्या मजल्यावर थांबली की वायरीला चिमटा बसायचा."

"माझं काम जात होतं! तुमच्या गाठीमुळे!"

"कळलं त्याच दिवशी सोडवली."

"आणि सांगितलं नाहीत? सोळा दिवस? रोज तीनदा येऊन?"

त्याने पेनाचं टोपण काढलं... लावलं... पुन्हा काढलं. "सांगितलं असतं तर तुम्ही मला दारात उभं केलं नसतं. मोजणी... संपली असती."

मी दार आपटलं. असं, की मास्तरांच्या भिंतीवरचं कॅलेंडर पडलं म्हणतात. मग दाराला पाठ लावून ऐकत राहिले, पावलं जिना उतरतात का. उतरत नव्हती. बराच वेळ उतरत नव्हती. आणि उतरली तेव्हा मला त्यांचाही राग आला.

पुढचे दोन दिवस तो आला नाही. आठ, दोन, साडेसहा, घड्याळ नुसतं टोचत होतं. तिसाव्या दिवशी हॉस्पिटलातल्या बाईंचा मेसेज आला, 'महिनाभर एकदाही अडकलं नाही. वर्षभरासाठी तुमचं नाव पक्कं.' मी जिंकले होते. जुनी लाईन तोडली, निम्मं बिल भरलं, आणि आनंद कोणाच्या अंगावर फेकावा तेच कळेना.

रविवारी दहाला सगळी इमारत गेटपाशी. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला, स्टुलावर चढला आणि पहिली बांग दिली. कोंबडा कसला, नळाला हवा आल्यासारखा आवाज! पोरं लोळायची बाकी राहिली. दुसरी. तिसरी. चौथ्या बांगेनंतर तो थांबला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "तीन नंबरची लाईन माझ्या गाठीमुळे अडकत होती. चूक माझी. ते लपवलं, ती त्याहून मोठी चूक."

"म्हणजे कंपनी निर्दोष?" मास्तर दचकले.

"दुप्पट बिल लावणारी कंपनी कसली निर्दोष?" मी गर्दीतून ओरडले. "आणि तुम्ही तर मुळीच नाही! पाचवी बांग राहिलीय!"

"देतो. आधी दुसरी पैज लावा."

"कसली?"

"महिन्याभरात तुमचा राग उतरेल."

"नाही उतरणार! जन्मात नाही!"

"मग मोजावं लागेल," तो माझ्याकडे बघत म्हणाला. "आठ, दोन, साडेसहा."

माझे कान तापले होते, आणि ते रागाने नव्हते, हे शेजारच्या मांजरालाही कळलं असतं.

"हरेल त्याने काय करायचं?" मावशीने विचारलं.

तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून माझ्या सख्ख्या आईने उत्तर दिलं, "लग्न!"

"आणि जिंकेल त्याने?" मास्तरांची शंका.

"त्यानेही!"

"आधी पाचवी पूर्ण करा," मी दात-ओठ खात म्हणाले. "अर्धवट काम मला चालत नाही."

त्याने छातीत हवा भरली. स्टुलाचा एक पाय लंगडा होता, ते डुगडुगायला लागलं. मी रागातच पुढे झाले, रागातच ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं, आणि माझ्या डोक्यावर, भर गेटात, सगळ्या इमारतीसमोर, तळमजल्याने पाचवी बांग दिली.