अंगणातली आठवी जागा

"आता मी जे सांगणार आहे ना, ते कुडव्यात कोणी मानणार नाही!" कवडूआबांनी खाटेवर बसल्या बसल्या मांडीवर थाप मारली. "गोंदियात तर अजिबात नाही!"

"मग सांगता कायले?" देवरीहून कालच आलेल्या रुचीनं विचारलं.

"कारण खरं आहे!"

खाटेभोवतीची पोरं खुदखुदली. गोष्ट त्यांचीच होती, गेल्याच आठवड्यातली, याच अंगणातली. आबांचा नातू उमेंद्र, शेजारची आचल, तिचा धाकटा भाऊ टिंकू, सगळे कान टवकारून बसले. विक्की मात्र खांबाला टेकून नखं खात होता. आबांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि सुरुवात केली.

उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि उमेंद्रच्या घरी व्हिडिओ गेम आला. गाड्यांच्या शर्यतीचा! त्या गाड्या अशा गर्जायच्या, की गोठ्यातली म्हैस रवंथ सोडून दारात यायची आणि शर्यत संपेपर्यंत शेपूटही हलवायची नाही.

स्पर्धा ठरली. सात जण तयार झाले. टिंकू आठवा झाला असता, पण "हा गाडी उलटीच चालवते," म्हणून त्याला वगळलं. सामन्यांचा तक्ता काढायचं काम आचलचं, कारण तिचं अक्षर मोत्यासारखं. वहीत तक्ता मावेना, तेव्हा तिनं खडू घेतला आणि थेट अंगणात, तुळशीपाशी, मांडला. दोन नावं, त्यांना जोडणारी रेघ, जिंकेल त्याच्यासाठी पुढची रेघ. मग चिठ्ठ्या उचलल्या. शेवटी उरलं विक्कीचं नाव. त्याच्यासमोर कोणीच नाही!

"म्हणजे मी पहिली फेरी न खेळताच दुसऱ्या फेरीत!" विक्की नाचायला लागला. "पुढे चाल! मले पुढे चाल!"

"नशीब लागते, भाऊ," उमेंद्र कुरकुरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी विक्कीच सगळ्यांत आधी आला, आणि असा ओरडला की शेजारपाजारचे बाहेर आले. तक्त्यात आठवी जागा उगवली होती! त्याच्या नावाखाली एक कोरी रेघ, आणि दोन्हींना जोडणारी आणखी एक. पुढे चाल गेली!

"हे आचलचंच काम!" तो म्हणाला. "भावाले घुसवून राहिली!"

"मी? मी कायले करू?"

"तक्ता कोणाच्या हातात होता? चिटर!"

विक्कीला कोणी अडवलं नाही. उमेंद्रनंही नाही. काल ज्यांनी डोळे मिटून आचलच्या हातात चिठ्ठ्या दिल्या होत्या, तेच आज तिच्या बोटांकडे पाहत होते. खडूची पूड दिसते का म्हणून!

आचल रडली नाही. "कोणी केलं ते मी दाखवते," ती म्हणाली. "नाही दाखवलं, तर या अंगणात पुन्हा पाय ठेवणार नाही."

ती तक्त्यापाशी उकिडवी बसली. नव्या रेघेला बोट लावून तिनं चोळून पाहिलं.

"उमेंद्र, हा खडू नाही. रांगोळी आहे! आणि आता अंगण पाहा."

शेणाचं सारवण अजून ओलं होतं. तक्ता तेवढा अलगद सोडून चारही बाजूंनी सारवलेलं. त्यावर विक्कीच्या चपलांचे आणि त्याच्यामागून आलेल्या पोरांचे ठसे होते, बाकी एकही पाऊल नाही.

"म्हणजे रेघ सारवायच्या आधीची," आचल म्हणाली. "तुमच्या घरी एवढ्या लवकर कोण उठते?"

"आजी," उमेंद्र चाचरत म्हणाला.

"हट!" विक्की हसला. "अनुसयाआजीले गेमचं काय करायचं आहे?"

"उद्या समजेल!"

संध्याकाळी आचलनं अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात खडूनं कमळ काढलं, एक पाकळी मुद्दाम कमी ठेवून. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आचल, उमेंद्र, विक्की आणि टिंकू असे चौघं भाताच्या तणसाच्या ढिगामागे दबा धरून बसले. तिथले डास असे दांडगे, की दोन डासांनी टिंकूला उचललंच होतं! उमेंद्रनं पाय धरून खाली ओढला म्हणून वाचला.

अनुसयाबाई आल्या. शेणाची बादली खाली ठेवली आणि कमळापाशी थबकल्या.

"काय हे पोट्टे! अर्धंच टाकून पळतेत!" असं पुटपुटत त्यांनी रांगोळीचा डबा आणला, आणि चिमटीतून सर्रकन पाकळी सोडली.

"सापडली! आजी, तूच!" चौघंही तणीस झटकत धावले.

"अव्वा! का झालं?"

"तक्त्यातली रेघ पण तूच काढली?" उमेंद्रनं विचारलं.

"मंग? अंगणात अर्धवट रांगोळी ठेवत नाही, बाप्पा. अन् सगळ्यायले जोडीदार, याचंच नाव एकटं." त्यांनी विक्कीच्या डोक्यावर हात ठेवला. "मले बरं नाही वाटलं. म्हणून जागा करून देली."

सगळे ज्याला नशीब समजत होते, त्यात आजीला विक्कीचं एकटेपण दिसलं होतं.

"पोरगी हुशार आहे हो!" सगळा प्रकार ऐकून अनुसयाबाई म्हणाल्या. "एवढं ऐकून घेतलं, पण आवाज नाही चढवला!" आणि त्यांनी शेणाच्याच हातानं आचलची पाठ थोपटली.

आठव्या जागेवर टिंकू बसला. विक्की विरुद्ध टिंकू! टिंकूनं गाडी अशी पळवली, की ती टीव्हीतून बाहेर पडली, कोहमाऱ्याच्या ढाब्यावर चहा पिऊन आली, तरी पहिली!

"गाडीनं चहा पिला?" रुचीनं डोळे मोठे केले.

"मग काय, उपाशी पळवायची?"

सगळे खदखदून हसले. मग आबांचा आवाज मऊ झाला.

"मग विक्की उठला. आचलसमोर गेला अन् सगळ्यांदेखत म्हणाला, 'माझं चुकलं.' आणि आचलनंही लगेच..."

"खोटं!"

विक्की खांबापासून पुढे आला होता. त्याचे कान लाल झाले होते.

"गाडी कोहमाऱ्याले गेली त जाऊ द्या, आबा. पण हे खोटं आहे. मी असं काहीच म्हटलं नाही." त्यानं आचलकडे पाहिलं. "आतापर्यंत नाही म्हटलं."